बर्मिंगहॅमच्या हेलाला कायद्याचे कवच नाही

मुंबईहून ब्रिटनमध्ये आलेल्या एखाद्या अभियंत्याच्या मराठी वळणाच्या इंग्रजीची कार्यालयात थट्टा झाली, तर कायदा त्याच्या बाजूने उभा राहू शकतो. बर्मिंगहॅममध्येच जन्मलेल्या त्याच्या मुलीच्या स्थानिक हेलाची तशीच थट्टा झाली, तर तिला मात्र हा आधार मिळणे कठीण. ब्रिटनमधील उच्चारभेदाच्या प्रश्नाचे मर्म या विसंगतीत आहे.

२०१० च्या समानता कायद्याने वय, धर्म, वंश, अपंगत्व अशा नऊ बाबींवरून भेदभाव करण्यास मनाई केली. वंशाच्या व्याख्येत राष्ट्रीय मूळ येते. त्यामुळे परदेशी उच्चारावरील शेरेबाजी वंशाधारित छळ ठरू शकते, असे रोजगार अपील न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. सामाजिक वर्ग किंवा इंग्लंडमधील प्रदेश मात्र या नऊ बाबींत नाहीत.

वस्तुतः उच्चारांची उतरंड बव्हंशी वर्गाचीच आहे. डॅनियल जोन्स यांच्या १९१७ च्या उच्चारकोशाने प्रमाण मानले, ते ‘पब्लिक स्कूल’ म्हणवल्या जाणाऱ्या महागड्या खासगी शाळांतील उच्चार. त्यांनाच पुढे ‘रिसीव्ड प्रोनन्सिएशन’ हे नाव मिळाले आणि बीबीसीने ते घरोघरी पोहोचवले. ‘सटन ट्रस्ट’च्या २०२२ च्या अहवालानुसार आजही तेच शिखरावर आहेत, बर्मिंगहॅम, लिव्हरपूल, मँचेस्टर या औद्योगिक शहरांचे आणि भारतीय व आफ्रो-कॅरिबियन वळणाचे उच्चार तळाशी. नोकरदारांपैकी एक चतुर्थांश लोकांनी कामाच्या ठिकाणी उच्चारांवरून थट्टा वा टीका सोसल्याचे त्यात नमूद आहे. २०२१ मध्ये ऑलिम्पिकच्या प्रक्षेपणात अ‍ॅलेक्स स्कॉट शब्दान्तीचा ‘ग’ गाळतात, अशी जाहीर तक्रार लॉर्ड डिग्बी जोन्स यांनी केली होती. पूर्व लंडनच्या श्रमिक कुटुंबातून आल्याचा आपल्याला अभिमान आहे, असे उत्तर स्कॉट यांनी दिले.

हा पूर्वग्रह अटळ नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील देवयानी शर्मा व सहकाऱ्यांच्या अभ्यासात, वकिली व्यवसायातील अनुभवी परीक्षकांनी उमेदवारांच्या हेलापेक्षा उत्तरांच्या दर्जाला महत्त्व दिल्याचे आढळले. काय जोखायचे हे ठाऊक असले, की कान कमी फसतात. म्हणून ‘उत्तम संवादकौशल्य’ अशी मोघम अट घालण्याऐवजी मुलाखतीचे निकष आधीच निश्चित करणे, हे नियोक्त्यांच्या हाती असलेले पहिले पाऊल आहे.

‘ती फुलराणी’वर प्रेम करणाऱ्या मराठी समाजाला शुद्ध-अशुद्धाचा हा खेळ नवा नाही. मुलांचा बर्मिंगहॅमी हेल घालवण्यासाठी धडपडणारे पालक त्यांना ज्या मोजपट्टीने मोजतात, तिच्यावर त्यांचे स्वतःचे उच्चारही तळाशीच आहेत.