वार लावून शिकलेल्यांचा दाखला

परदेशी शिकायला गेलेल्या मुलांच्या घरभाड्याच्या रडकथा आता पुरे झाल्या, असं मत एका ज्येष्ठ गृहस्थांनी अलीकडे भर सभेत मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ही मुलं लाडावलेली आहेत. त्यांना स्वतंत्र खोली हवी आणि तीही विद्यापीठाच्या दारात. सहा महिने आधी शोध घेतला, थोडं लांब राहायची तयारी ठेवली, महागडं शहर टाळलं, की घर मिळतं. शिवाय जर्मनीत शिक्षण फुकट, मग भाड्याची कुरकुर कशाला? आणि शेवटी त्यांचं हुकमी पान: आमच्या आधीच्या पिढ्या पुण्यात वार लावून, माधुकरी मागून शिकल्या, त्यांनी कधी तक्रार केली नाही. या वाक्याला टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांमुळेच मी हे लिहायला बसलो.

मी म्युनिकमध्ये राहतो. दर सप्टेंबरात आपल्याकडची मुलं इथे उतरतात. कुणी ओळखीच्याच्या बैठकीत गादी टाकतं, कुणी यूथ हॉस्टेलच्या आठ खाटांच्या खोलीत बॅगेला कुलूप लावून झोपतं. यातल्या एकानेही मला विद्यापीठाच्या दारातली खोली मागितलेली नाही. त्यांना हवी असते दार लावता येईल अशी कुठलीही जागा, आणि तिथे राहतो हे लिहून देणारा मालक.

सहा महिने आधी शोधा, हा सल्ला तर वेळापत्रक न पाहताच दिलेला आहे. सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. मास्टर्सच्या प्रवेशाचं पत्र बऱ्याच जणांच्या हाती जून ते ऑगस्टच्या दरम्यान पडतं, व्हिसा त्याच्याही नंतर. एप्रिलमध्ये या मुलाने कोणत्या गावात खोली धरायची? सरकारी विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी म्युनिकमध्ये सत्रांच्या हिशेबात मोजतात, आणि देशभर पाहिलं तर दहातल्या जेमतेम एका विद्यार्थ्याला तिथे जागा मिळते. उरलेल्यांनी 'वेगे' शोधायची, म्हणजे दोन-चार जणांनी मिळून भाड्याने घेतलेल्या घरातली एक खोली. तिथे आधीचे राहणारे उमेदवाराला चहाला बोलावतात, पारखतात आणि मग ठरवतात. नाशिकच्या मुलीने त्या चहाला कसं जायचं? ती व्हिडिओवर बोलू म्हणते, आणि समोर प्रत्यक्ष येऊ शकणारे चाळीस उमेदवार असतात. याच अडचणीवर ठग जगतात. सुंदर फोटो, निम्मं भाडं, मालक सध्या परदेशात, अनामत भरली की किल्ली कुरिअरने येईल. ती किल्ली कधीच येत नाही.

लांब राहा म्हणणाऱ्यांनी डाखाऊ, फ्रायझिंग, एर्डिंगची भाडी पाहावीत. शहराबाहेर पडलं म्हणून महागाईतून सुटका होत नाही. महागडं शहर टाळा, या सल्ल्यात मात्र तथ्य आहे. केम्निट्स किंवा इल्मेनाऊला खोली खरोखर स्वस्त मिळते, आणि ज्यांचा विषय तिथे शिकवला जातो त्यांनी जरूर जावं. पण ज्याचा विषय म्युनिकजवळच्या गार्शिंगच्या प्रयोगशाळेतच चालतो, त्याने काय विषय बदलायचा?

आता फुकट शिक्षणाबद्दल. हा वाद जुना आहे आणि मी तो अनेकदा घातला आहे. फी नाही म्हणजे खर्च नाही, असं मानणारे पालक मी पाहिले आहेत आणि तसं सांगून मुलं पाठवणारे सल्लागारही. शिवाय ती फुकटाईही आता सगळीकडे उरलेली नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य 2017 पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला 1,500 युरो घेतं. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने 2024 च्या हिवाळी सत्रापासून त्यांच्या मास्टर्सला सत्रामागे 4,000 ते 6,000 युरो लावले. पण फी बाजूला ठेवू. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो ठेवावे लागतात, म्हणजे महिन्याला 992 हातात येतात. म्युनिकमध्ये वेगेतली एक खोली सरासरी 800 युरोंच्या आसपास जाते. आरोग्यविमा दीडशेच्या घरात. उरलेल्या चाळीस-पन्नास युरोंत महिनाभर जेवायचं, प्रवास करायचा आणि पुस्तकं घ्यायची. लाडावलेलं कोण आहे इथे? जर्मन सरकारने स्वतःच ठरवलेला हा आकडा त्याच्याच एका शहरात पुरत नाही.

आणि घर न मिळण्याचा अर्थ फक्त गैरसोय नाही, हे त्या गृहस्थांच्या गावीही नाही. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. त्याला म्हणतात आन्मेल्डुंग. 2015 पासून त्यासाठी घरमालकाचं लेखी प्रमाणपत्र लागतं. पोटभाड्याच्या अनेक जाहिरातींत स्पष्ट लिहिलेलं असतं, नोंदणी करता येणार नाही. म्हणजे भाडं घेऊ, पण तुम्ही इथे राहता हे मान्य करणार नाही. नोंदणी नाही तर करक्रमांक येत नाही, तो नाही तर अर्धवेळ नोकरीत कर वरच्या दराने कापला जातो, काही बँका खातं उघडत नाहीत, आणि व्हिसा संपत आला तरी निवास परवान्याचं काम पुढे सरकत नाही. 'मिळेल तिथे राहा' हा सल्ला म्हणूनच घातक आहे. मिळेल तिथे राहणारा मुलगा कागदावर कुठेच राहत नसतो.

आता वारांचं पान. त्याला मी सविस्तर उत्तर देणार आहे, कारण या एका दाखल्याने आपल्या समाजात शिक्षणावरच्या कित्येक चर्चा बंद पाडल्या आहेत.

वार लावून जेवणारा मुलगा कष्टाळू होता, यात शंका नाही. पण तो एकट्याच्या हिमतीवर शिकला का? सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी त्याचं पान मांडलं जात होतं. ते पान मांडणारी सात घरं होती. वाड्याच्या एखाद्या खोलीत त्याला पथारी टाकू देणारं कुणी होतं. गावाहून आलेल्या पोराच्या पोटाची आणि निवाऱ्याची तजवीज आपणच करायची, असं त्या पेठांनी मानलं होतं. सोसून शिका, असं सांगून त्या घरांनी दारं लावून घेतली नव्हती. आमचे गृहस्थ दाखला देतात व्यवस्थेचा आणि निष्कर्ष काढतात व्यवस्था नको असा!

आणि ती सात घरं कुणाला उघडी होती, हेही विचारायला हवं. वार मिळायचे जातीतल्या मुलाला. ज्याला ते मिळत नव्हते, त्याच्या तक्रारी ऐकायला कुणी बसलं नव्हतं, म्हणून आज वाटतं की तक्रार झालीच नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांना ती ऐकू आली. 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह निघालं, मग जैन, लिंगायत, मुसलमान मुलांची निघाली, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. साताऱ्यात 1924 मध्ये भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली आणि त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. शाळेत प्रवेश देऊन मुलगा शिकत नाही, रात्री तो झोपणार कुठे हेही बघावं लागतं, हे महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. डॉ. आंबेडकर कोलंबियात शिकून, लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून 1917 मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढलं गेलं. इतका शिकलेला माणूस, आणि त्याला खोली मिळू नये! त्यांनी पुरेसं आधी शोधलं नव्हतं, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

बडोद्यात जात बघून दार बंद झालं, तसं जर्मनीत आज नाव बघून बंद होतं, हे सिद्ध झालेलं आहे. 2017 मध्ये इथल्या पत्रकारांनी जर्मन आणि परकी नावं वापरून घरांसाठी सुमारे 20,000 चौकशा पाठवल्या. अरबी आणि तुर्की नावांना उत्तरं स्पष्टपणे कमी आली, आणि पाहिलेल्या मोठ्या शहरांत म्युनिकची वागणूक सर्वांत वाईट निघाली. त्यावर पुण्यात 'फक्त कुटुंबाला भाड्याने' अशी पाटी लावणाऱ्यांनी नाक मुरडू नये, एवढंच.

मग माझं म्हणणं काय? खोली हा शिक्षणाचाच भाग आहे. जे विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्याला प्रवेशपत्र पाठवतं, त्याने पहिल्या सत्रापुरती नोंदणीसह खोली त्याच पत्रात द्यावी, आणि देता येत नसेल तेवढे प्रवेश कमी करावेत. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या आज सर्वांत मोठी आहे. ही मुलं हवीत, त्यांनी पदवीनंतर इथे कामही करावं असं वाटतं, तर त्यांना झोपायला जागा द्या. 1972 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या खेळाडूंच्या वस्तीचा एक भाग म्युनिकने विद्यार्थ्यांना दिला, तिथे आजही मुलं राहतात. त्याच शहरातल्या फ्रायमानच्या विद्यार्थी वसाहतीत डागडुजी रखडल्यामुळे हजाराहून जास्त जागा वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या. करता येतं हेही तिथे दिसतं आणि हेळसांडही.

आपल्याकडून होण्यासारखंही काही आहे. परदेशातली आपली मंडळं गणपतीसाठी सभागृह मिळवतात, वर्गणी जमवतात. ज्यांच्या घरी एक खोली रिकामी आहे त्यांनी ती सप्टेंबर ते डिसेंबर नव्या मुलाला रास्त भाड्याने द्यावी आणि नोंदणीचा कागद सही करून द्यावा. स्वतः भाडेकरू असलेल्यांना घरमालकाची परवानगी लागते. पण रास्त कारण असेल, तर घराचा काही भाग दुसऱ्याला राहायला देण्याची परवानगी मागण्याचा हक्क जर्मन कायद्यानेच भाडेकरूला दिलेला आहे. मी गेल्या वर्षी ती मागितली आणि मालकाने दोन ओळींच्या पत्रात दिली.