बूट गावचा की परदेशी? आधी लेबल वाचा

पाऊस सुरू झाला की मोटारसायकलवाल्यांच्या गप्पांत वॉटरप्रूफ बुटाचा विषय निघतोच. एक म्हणतो, बाहेरून मागव, आपल्याकडे धड काही मिळत नाही. दुसरा म्हणतो, पैसा परदेशी का घालवायचा? माझ्या मते दोघेही नंतरचा प्रश्न आधी विचारतात. बूट पाय कोरडा ठेवतो का, घोटा वाचवतो का, आणि उसवला तर कोण शिवून देतो, हे आधी पाहायला हवे.

इचलकरंजीत हा शौकाचा विषय नाही. यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून परतणारा, कागल-हातकणंगले एमआयडीसीत जाणारा, घरोघरी पार्सल पोचवणारा तरुण जून ते सप्टेंबर भिजतच गाडी चालवतो, बहुतेकदा चपलेवर. बाजारातला गमबूट पाणी अडवतो, पण गाडी पायावर आडवी झाली तर घोट्याला आधार देत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळाले, त्याचा अभिमान रास्तच आहे. पण कोल्हापुरी पावसात वापरायची वस्तू नाही, हे आपल्याला घरातूनच शिकवलेले असते.

मग पाहायचे काय? मोटारसायकलच्या बुटांसाठी ईएन १३६३४ हे युरोपीय मानक आहे. लेबलवर मोटारसायकलस्वाराचे चित्र आणि त्याखाली १ किंवा २ असे चार आकडे असतात: बुटाची उंची, घासण्याला विरोध, कापण्याला विरोध आणि बूट आडवा दाबला तर तो किती तग धरतो. २ म्हणजे वरची पातळी. पाण्याची चाचणी ऐच्छिक आहे. ती पार केली असेल तरच ‘डब्ल्यूआर’ ही इंग्रजी अक्षरे येतात. जाहिरातीत नुसते ‘वॉटरप्रूफ’ लिहिले म्हणून विश्वास ठेवू नका. आणि रेनपँट बुटावरून घ्या, आत खोचू नका. नाहीतर पाणी वरून शिरते आणि चांगल्या बुटातही साचते.

परदेशी संकेतस्थळावरची किंमत पूर्ण नसते. तिच्यात वाहतूक मिळवायची, त्यावर कस्टम ड्युटी आणि या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी. माप चुकले तर परत पाठवण्याचा खर्च बहुधा आपल्याच माथी. आपले पंजे रुंद असतील तर इटालियन माप घालून पाहिल्याशिवाय घेणे म्हणजे जुगार. इथे २,५०० रुपयांवरच्या बुटावर १८ टक्के जीएसटी लागतो खरा, पण तो किमतीत धरलेला असतो आणि बूट पायात घालून पाहता येतो.

आपल्यापैकी अनेकांसाठी आणखी एक मुद्दा आहे: अस्तर. काही बुटांत डुकराचे कातडे वापरतात. युरोपातल्या बुटांवर चामड्याचे चिन्ह असते, पण ते कोणत्या जनावराचे हे त्यावरून कळत नाही. कंपनीला लेखी विचारा, किंवा सरळ कापडी अस्तराचा बूट घ्या.

आपल्या गावाला आयात कापडाची झळ माहीत आहे. म्हणून ‘इथलेच घ्या’ ही हाक आपल्याला लगेच पटते. पण इचलकरंजीचे कापड कुणी दया म्हणून घेत नाही, ते पोत आणि भाव पाहून घेते. भारतीय बूट कंपनीलाही तीच कसोटी लावा. दुकानदाराला चाचणीचे लेबल दाखवायला सांगा. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्यासाठी तो लेबलवाला माल आणून ठेवेल.

माझा सल्ला साधा आहे. आधी चांगले हेल्मेट. मग घोट्याला संरक्षण देणारा, चाचणी झालेला भारतीय बूट. तो वॉटरप्रूफ नसेल तर वरून रेनकव्हर. रोज लांबचा पल्ला असेल आणि इथे माप मिळतच नसेल, तर परदेशी बूट घ्या, पण भारतातल्या विक्रेत्याकडून, बिल आणि वॉरंटीसह. कुठूनही घेतलात तरी त्याची चेन बदलायला आणि तळ चिकटवायला आपण इथल्याच चर्मकाराकडे जाणार आहोत. तेव्हा घेण्याआधी एकदा त्यालाही विचारा. कोणता बूट दुरुस्त होतो, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नसते.