पाप कुणाचे, हे विचारू नका

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. आत १७ बाळे होती. सात वाचली, दहा गेली. २४ जानेवारी २०२५ रोजी त्याच जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, छत कोसळले आणि आठ कामगारांचा जीव गेला. अशा घटनेनंतर सांत्वनाला आलेली माणसे नशिबाचे भोग म्हणतात, मागच्या जन्माचे काही म्हणतात. ख्रिस्ती घरात ‘देवाची योजना’ म्हणतात. शब्द वेगळे असले तरी रडणाऱ्या आईला मिळते ते एकच उत्तर, आणि तिने ते मागितलेलेही नसते.

ख्रिस्ती माणसाला तरी हे उत्तर देण्यापासून त्याच्या शास्त्रानेच अडवायला हवे. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेल्याचा उल्लेख लूकच्या शुभवर्तमानात आहे. ती माणसे यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती का, या प्रश्नाला येशूचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. उलट त्याने ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगितले.

योहानाच्या शुभवर्तमानातला प्रसंग अधिक बोचरा आहे. जन्मांध माणूस समोर असताना, पाप याचे की याच्या आईबापांचे, असा प्रश्न विचारला गेला. विचारणारे कोणी विरोधक नव्हते, येशूचे स्वतःचे शिष्य होते. येशूने दोन्ही पर्याय नाकारले, याच्या ठायी देवाचे कार्य दिसावे असे म्हटले, आणि लगेच थुंकीने चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावला. दुःखाचा अर्थ त्याने हाताने सांगितला.

गेथशेमाने बागेत हेच शिष्य झोपले. पेत्राने तीन वेळा येशूची ओळख नाकारली. तरीही ख्रिस्ती मंडळी उभी राहिली ती याच माणसांवर. शिष्यत्व म्हणजे निर्दोषपणा नव्हे, हे चारही शुभवर्तमाने लपवत नाहीत.

मराठीत याचे सर्वांत प्रामाणिक उदाहरण टिळक दाम्पत्याचे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात नारायण वामन टिळकांच्या हाती एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही पत्नी लक्ष्मीबाईंना अंधारात ठेवून. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्यानंतर काही वर्षांची ताटातूट, लोकांचे बोल आणि पोरासाठीची काळजी आली. भक्तिगीतांनी मराठी चर्च समृद्ध करणारा हा कवी घरात तापट होता, हातचा पैसा वाटून टाकणारा होता. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी हे काहीही झाकलेले नाही आणि सोसलेल्याला देवाची योजना म्हणून रंगही दिलेला नाही. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

एकाच्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागली, हे मान्य करूनही ती श्रद्धा खोटी ठरत नाही. मात्र ते मान्य करावेच लागते. ज्याला स्वतःचे अपुरेपण ठाऊक आहे, तो दुसऱ्याच्या दुःखावर निकाल द्यायला धजत नाही.

सगळे देवावर ढकलले की माणसांची सुटका होते, हा आणखी मोठा धोका. पाप कुणाचे हा प्रश्न बाजूला सारला, की जबाबदारी कुणाची हा प्रश्न विचारता येतो. बाळांच्या कक्षातली विद्युत यंत्रणा कोण तपासते? स्फोटकांच्या कारखान्यात सुरक्षेचा आढावा कधी होतो? हे विचारणे श्रद्धेविरुद्ध नाही.

विदर्भातल्या मंडळ्यांनी आणि त्यांच्या पाळकांनी म्हणूनच दोन गोष्टी कराव्यात. शोकघरी जाताना स्पष्टीकरण नेऊ नये, तिथे बसावे, जेवणखाण आणि कागदपत्रे पाहावीत. आणि वर्षभराने, बातमी विझल्यावर, त्याच घरी पुन्हा जावे.