जप्तीची यादी

संध्याकाळी मुंबईतल्या एखाद्या उपनगरी स्थानकाबाहेर 'गाडी आली' अशी हाक उठली की तिचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. क्षणार्धात फडक्याची चार टोके एकत्र येतात, त्याचे गाठोडे होते आणि ते डोक्यावर घेऊन माणसे गल्लीबोळांत नाहीशी होतात. जिला पळणे जमत नाही तिची टोपली महापालिकेच्या गाडीत जाते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'फेरीवाल्यांवर कारवाई' असे शीर्षक दिसते. भाषेच्या अभ्यासकाने या शीर्षकापाशी थोडे थांबावे. त्यात कर्ता नाही. कारवाई कोणी केली, काय उचलून नेले, ते परत मिळाले का, यांपैकी एकही प्रश्न त्या दोन शब्दांना पडत नाही.

आपण साहित्याचे वाचक हळवे असतो. रस्त्यावरच्या माणसाला मराठी साहित्याने घरात घेतल्याला अर्धशतक उलटून गेले. त्यामुळे चिरडलेल्या टोमॅटोंचे छायाचित्र पाहून आपण हळहळतो आणि पोलिसांनी व पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी जरा माणुसकीने वागावे असे म्हणतो. ही भावना खोटी नव्हे. परंतु येथे माणुसकी म्हणजे दया असे आपण फार लवकर धरून चालतो, आणि दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. आज एखादा हवालदार 'मावशी, जरा आत सरका' म्हणून पुढे जातो. उद्या त्याची बदली होते आणि नवा माणूस टोपलीला लाथ मारतो. शिवाय ज्या मर्जीतून दया उगवते तिच्यातूनच हप्ताही उगवतो, कारण मर्जीला किंमत लावता येते. म्हणून माणुसकीचा शोध अधिकाऱ्याच्या अंतःकरणात घेण्याऐवजी त्याच्या हातातल्या कागदावर घ्यावा, असे मला वाटते.

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३१४ नियम मोडून रस्त्यावर ठेवलेली किंवा विकायला मांडलेली वस्तू विनासूचना हटवण्याचा अधिकार आयुक्तांना देते. १९८५ मध्ये पदपथावर राहणाऱ्यांच्या, ओल्गा टेलिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे 'विनासूचना' या शब्दाचा अर्थ लावण्याचा प्रश्न आला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालाने सांगितले की ही केवळ मुभा आहे. सूचना देऊच नये अशी आज्ञा त्यात नाही. ज्याच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा त्याचे म्हणणे ऐकून घेण्यास निर्णय बदलो वा न बदलो, स्वतंत्र मूल्य असते, कारण त्यातून त्याची माणूस म्हणून प्रतिष्ठा मान्य होते, हेही त्या निकालात आहे. झोपड्या हटवण्याला त्या निकालाने अखेर मुभा दिली, फक्त पावसाळा उलटेपर्यंत मुदत दिली, हे विसरता येत नाही. तरीही एका शब्दाच्या नेमक्या वाचनाने किती फरक पडू शकतो, याचे दुसरे इतके चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा आला तो २०१४ मध्ये. त्यानुसार विक्रेत्याला हटवायचे तर ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. त्यानंतरही तो हटला नाही आणि माल जप्त करावा लागला, तर जप्त मालाची यादी करून, जप्ती करणाऱ्याच्या सहीनिशी तिची प्रत विक्रेत्याच्या हाती द्यावी लागते. त्याने ठरलेले शुल्क भरून माल मागितला की टिकाऊ माल कामकाजाच्या दोन दिवसांत आणि नाशवंत माल त्याच दिवशी परत करायचा असतो. भाजीला संध्याकाळ असते, हे या कलमाला कळलेले आहे. अटी पाळून विकणाऱ्याला पोलिसांनी वा इतर कोणत्याही प्राधिकरणाने अडवू नये, असेही कायदा म्हणतो.

या यादीचे महत्त्व मला फार वाटते. 'मेथी वीस जुड्या, लिंबे एक टोपली, वजनकाटा एक' असे लिहायचे तर अधिकाऱ्याला वाकून पाहावे लागते, विचारावे लागते, उत्तर ऐकावे लागते आणि शेवटी आपले नाव घालावे लागते. शीर्षकातून गळालेला कर्ता येथे सहीच्या रूपाने परत येतो.

हा कागद नसला म्हणजे काय होते, हे ट्युनिशियातल्या सिदी बुझिद या गावाने दाखवले. १७ डिसेंबर २०१० रोजी मोहम्मद बुआझिझी या २६ वर्षांच्या फळविक्रेत्याचा माल आणि वजनकाटा पालिकेच्या लोकांनी जप्त केला. दाद मागायला तो राज्यपालांच्या कचेरीत गेला. तेथे कोणी ऐकून घेतले नाही, तेव्हा त्याने कचेरीसमोर स्वतःला पेटवून घेतले. ४ जानेवारी २०११ रोजी तो गेला आणि दहा दिवसांनी राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. त्या उठावाची कारणे अनेक होती. पण ठिणगी पडली ती दाद मागायला दार न उरल्याने.

पादचाऱ्यांचा हक्क मी नाकारत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला, आणि त्यानंतर १ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटरच्या आत विक्रीला मनाई केली. कुठे विकू नये हे ठरवण्याची सोय २०१४ च्या कायद्यातही आहे. मात्र ते विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेल्या समितीच्या सल्ल्याने ठरावे, अशी त्याची अपेक्षा आहे. मुंबईत या समितीवरील विक्रेता प्रतिनिधींसाठी मतदान झाले ते ऑगस्ट २०२४ मध्ये, कायदा होऊन दहा वर्षांनी. रस्त्यावर उभ्या असलेल्या हवालदाराला किंवा पालिकेच्या कामगाराला या विलंबाचा दोष देता येणार नाही. वरून हुकूम आणि खालून शिव्या, यांच्यामध्ये तोही उभाच असतो. रीतसर कागद त्यालाही आधार देईल.

आपल्या वर्गांत आपण विद्यार्थ्यांना संहिता बारकाईने वाचायला शिकवतो. एखाद्या तासाला या कायद्याचे जप्तीविषयीचे कलम १९ वाचायला काय हरकत आहे? आणि पुढच्या वेळी आपल्यासमोर टोपली उचलली गेली, तर हळहळण्याआधी शांतपणे एवढेच विचारावे : साहेब, यादी केलीत का?