मूत्रपिंडाचा शोध विहिरीपासून

मार्चचा दुसरा गुरुवार हा जागतिक मूत्रपिंड दिन. २००६ पासून तो जगभर पाळला जातो. जालना जिल्ह्यातल्या आपल्या बदनापूर तालुक्यात तो ऐन मोक्यावर येतो. दुधना नदीचे पात्र आटू लागलेले असते, विहिरी तळ दाखवतात, टँकरची चर्चा सुरू होते आणि मिळेल ते पाणी प्यायची वेळ येते. मग जुलाब-उलट्या. अंगातले पाणी आणि क्षार निघून गेले की रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडाला पुरेसे रक्त मिळत नाही आणि लघवी बंद होते. पोट आणि मूत्रपिंड यांचे विभाग रुग्णालयात वेगळे असतात. गावात दोन्ही एकाच हंड्यातल्या पाण्याने आजारी पडतात.

अशा वेळी शरीरात वेळेवर पाणी भरले तर मूत्रपिंड बहुधा सावरते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि पाण्याच्या द्रावणाने पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले, हे ज्ञान तेव्हापासून आपल्या हाती आहे. तरीही घरोघरी अजून जुलाब झालेल्या लेकराचे पाणी तोडले जाते, याचे मनापासून वाईट वाटते.

हळूहळू निकामी होणाऱ्या मूत्रपिंडाची गोष्ट अधिक अवघड आहे. मधुमेह, रक्तदाब आणि अंगदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळ्या ही ओळखीची कारणे. पण यातले काहीच नसताना एकाच गावात रुग्ण का सापडतात? हा प्रश्न आपल्याच जिल्ह्याच्या सुपुत्राने विचारला. भोकरदन तालुक्यातील देहेड या गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात विंचूदंशावर केलेल्या कामामुळे जगाला ठाऊक झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी कुटुंबातील सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील एका लहान गावातले मूत्रपिंडाचे रुग्ण आणि तिथले पिण्याचे पाणी यांचा शोध घेतला. त्या पाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारख्या जड धातूंशी आजाराचा संबंध मांडणारा त्यांचा अहवाल २०१० मध्ये ‘क्लिनिकल टॉक्सिकॉलॉजी’त आला.

एका गावाच्या निरीक्षणावरून कारण सिद्ध होत नाही. त्यासाठी अनेक गावांचे पाणी, अनेकांचे रक्त आणि बरीच वर्षे लागतात. पण रुग्ण तपासून झाल्यावर त्याच्या विहिरीकडे वळलेली ती नजर आम्हाला मोलाची वाटते. तशी नजर बदनापूरला परकी नाही. इथल्या कृषी संशोधन केंद्राने याच मातीत, याच बेभरवशाच्या पावसात ‘बीडीएन ७११’सारखे तुरीचे वाण दिले. तालुक्यातच वरुडीला वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक उन्हाळ्यात ठरावीक गावांच्या बोअरचे पाणी तपासावे, त्याच गावांतल्या लोकांचा रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन नोंदवावे. क्रिएटिनिन वाढलेले दिसेपर्यंत मूत्रपिंडाची बरीच ताकद गेलेली असते, म्हणून लघवीची साधी तपासणी आधी हवी. जिल्हा परिषदेने पाण्याच्या तपासणीत जड धातूंचा समावेश करावा आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. या उन्हाळ्यात निदान पाच-दहा गावांपासून सुरुवात व्हावी. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या माणसाची मजुरी, एसटीचे भाडे आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज यांपुढे या तपासण्यांचा खर्च किरकोळ आहे.