कडी बाहेरून होती की आतून?

दारव्ह्यातील आमच्या गल्लीत एका निवृत्त शिक्षकांच्या घरी चोर शिरले, त्याला आता वीस वर्षे होत आली. तिघे होते, म्हणून कायद्याच्या परिभाषेत तो दरोडा नव्हे, जबरी चोरी. दरोडा म्हणायला किमान पाच जण लागतात. वैशाखातील रात्र होती. त्या काळी विदर्भाच्या पाचवीला भारनियमन पुजलेले असे. रात्री दीडच्या सुमारास वीज गेलेली होती आणि त्यामुळे घराघरांतील कूलर बंद होते. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण कूलर चालू असता तर काहीच ऐकू आले नाही असे म्हणण्याची सोय तरी राहिली असती.

न्हाणीघराच्या कौलांवरून ते आत उतरले. घरात गुरुजी, त्यांच्या पत्नी आणि सुटीत आलेली नात, एवढीच माणसे. बाईंनी एकदा किंकाळी फोडली, नंतर सारे शांत झाले. गुरुजींनी उशाखालची किल्ली स्वतः काढून दिली. नातीला हात लावू नका, बाकी हवे ते न्या, एवढेच ते म्हणाले. बाईंनी गळ्यातील मंगळसूत्र उतरवून ठेवले. वीस-पंचवीस मिनिटांत तिघे आले तसे निघून गेले. कोणाला ओरखडाही उठला नाही. त्यानंतर गुरुजींनी ओट्यावर येऊन हाका मारल्या, दारे ठोठावली. बराच वेळ एकही दार उघडले नाही.

सकाळी मात्र सारी गल्ली त्यांच्या ओसरीवर जमली. चहा झाला. सांत्वन झाले. आणि हळूहळू दुसराच सूर निघू लागला. 'अहो, किल्ली हाताने दिली म्हणे!' 'तीनच तर होते.' 'एवढी वर्षे पोरांना शिवाजी शिकवला, आणि वेळ आली तेव्हा हात जोडले.' गुरुजींच्या कानावर हे गेल्यावाचून राहिले नाही. पुढची दिवाळी झाल्यावर त्यांनी घर विकले आणि ते मुलाकडे राहायला गेले. सोन्यापायी त्यांनी गाव सोडले नाही. सोने गेल्याचे दुःख त्यांनी महिन्याभरात पचवले होते.

प्रश्न असा आहे, की त्या रात्री भित्रे कोण ठरले?

चोरांनी आत शिरण्यापूर्वी गल्लीतील सहापैकी चार घरांना बाहेरून कड्या घातल्या होत्या. ही त्यांची जुनी रीत आहे. चोर कुलपापेक्षा शेजाऱ्याला अधिक भितो, म्हणून तो आधी शेजाऱ्याचा बंदोबस्त करतो. राहिली दोन घरे. त्यांच्या दारांना बाहेरची कडीच नव्हती. त्यांपैकी एक घर माझे होते. मी जागा होतो. किंकाळी मी ऐकली होती. पत्नीने माझा हात धरला, आणि तिने तो धरला याचे मला बरे वाटले, हेही आज लिहून टाकतो. दुसऱ्या दिवशी वार्ताहर या नात्याने मीच बातमी पाठवली. 'परिसर गाढ झोपेत असल्याचा फायदा घेऊन चोरट्यांनी डाव साधला,' असे वाक्य मी तीत लिहिले होते. ते तसेच छापून आले.

तेव्हापासून घरफोडीच्या बातमीत हे वाक्य दिसले की मी थांबतो. गुरुजींनी प्रतिकार का केला नाही, हे सर्वांनी विचारले. आम्ही का गेलो नाही, हे कोणीच विचारले नाही. आपल्या समाजाच्या शौर्यकल्पनेतील ही विकृती आहे. जो एकटा, वृद्ध, अंधारात, चाकूच्या टोकावर उभा आहे त्याच्याकडून आपण पराक्रमाची अपेक्षा करतो. आणि जे वीसजण आजूबाजूला सुरक्षित आहेत त्यांच्याकडून कसलीच नाही! शाखेत दंड फिरवलेल्या तरुणांनीही त्या सकाळी ओसरीवर बसून गुरुजींच्या धैर्याची झाडाझडती घेतली, याची मला अधिक खंत वाटते. दंड शिकायचा तो कशासाठी?

आणि शिवाजी शिकवल्याचा टोमणा मारणाऱ्यांनी तरी शिवचरित्र नीट वाचले होते काय? जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले मिर्झाराजे जयसिंगाच्या स्वाधीन केले. मुरारबाजींसारखा वीर धारातीर्थी पडला होता आणि पुढे आणखी माणसे जायची होती. महाराजांनी किल्ले दिले, माणसे राखली. राखलेल्या माणसांनीच १६७० पासून ते किल्ले परत घेतले. ज्या पुरुषाने तेवीस किल्ले देण्यात कमीपणा मानला नाही, त्याचे नाव घेऊन आपण एका म्हाताऱ्याला कपाटाच्या किल्लीवरून हिणवावे, हा अडाणीपणा आहे. गुरुजींनी त्या रात्री शिवाजी शिकवला तसाच वापरला.

म्हणून घरात चोर शिरल्यावर काय करावे, याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. कारण आपल्या घरांतून याची चर्चाच होत नाही. ती अभद्र समजली जाते. रात्री खुडबुड ऐकू आली तर पाहायला उठून जाऊ नये. आहोत त्या खोलीची कडी आतून लावावी, मुलांना जवळ घ्यावे, दिवे लावावेत, मोठ्याने बोलावे. चोराला घर जागे झाल्याचे कळू द्यावे, त्याला पळायला वाव असू द्यावा. भ्रमणध्वनी उशाशीच असावा. ११२ आणि शेजारच्या घरचा क्रमांक या दोहोंसाठी अंधारात शोधाशोध करावी लागू नये. चोर समोरच आला तर मागेल ते द्यावे, आणि त्याच्या व दाराच्या मध्ये उभे राहू नये. कोंडलेले मांजर अंगावर येते, हे आपल्या आजीबाई सांगत आल्या; कोंडलेला चोर तर हाती सुरी घेतलेला असतो. त्याच्याशी हुज्जत घालू नये. 'मी तुला ओळखतो' हे शब्द तर चुकूनही उच्चारू नयेत. ओळखले असेल तर ते मनात ठेवावे, पोलिसांना सांगावे. उंची, चाल, बोलण्याची ढब, हातावरची खूण एवढे टिपता आले तरी पुष्कळ. तो गेल्यावर घर झाडायला घेऊ नये. आमच्याकडील बायाबापड्या पोलीस येण्याआधीच विस्कटलेले कपाट आवरतात, सांडलेले पुसून काढतात आणि बोटांचे ठसे त्याबरोबर पुसले जातात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोडसाळ नाही. पुण्यातील १९७६ चे जोशी-अभ्यंकर हत्याकांड ज्यांना आठवते ते विचारतील, की तेथे काय झाले? ३१ ऑक्टोबरला विजयानगर कॉलनीतील जोशी कुटुंब, १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरील संस्कृत पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकरांच्या घरातील पाच जीव. मारेकऱ्यांनी माणसांना बांधले आणि ठार केले. ते नुसते चोर नव्हते. चार आरोपींना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. पण या दोन घटनांच्या मधली, २२ नोव्हेंबरची तिसरी घटना लोक विसरतात. त्या संध्याकाळी तीच टोळी शंकरशेट रस्त्यावरील बाफना यांच्या बंगल्यात शिरली. तेथील नोकरांनी झटापट केली, आणि मारेकरी कुंपण ओलांडून पळून गेले. यातून मी काढलेला निष्कर्ष असा : चोर वस्तू मागतो तोवर वस्तू द्यावी. तो माणसे बांधू लागला, कोणाला वेगळ्या खोलीत नेऊ लागला, स्त्रीच्या अंगाला हात घालू लागला, की प्रश्न वस्तूंचा उरत नाही. मग हाताला लागेल त्याने झटावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गळा फाटेपर्यंत ओरडावे. अभ्यंकरांच्या घरात मारेकरी दाराची घंटा वाजवून शिरले होते, हेही लक्षात असावे. रात्री अनोळखी हाकेला दार उघडण्याआधी साखळी लावलेली बरी.

अशा वेळी कायदा तुमच्या बाजूने आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे खासगी संरक्षणाच्या अधिकाराची आहेत. जुन्या दंडसंहितेतही तो होताच. जबरी चोरी करणाऱ्या किंवा सूर्यास्तानंतर घर फोडून आत शिरणाऱ्या माणसाविरुद्ध हा अधिकार, प्रसंगी त्याचा जीव जाईपर्यंत पोहोचतो. संकटसमयी नागरिकाने भ्याडपणे वागावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात स्पष्ट केले आहे. मात्र संरक्षणाला आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा कलम ३७ देत नाही. पळणाऱ्याच्या पाठीवर वार करणे म्हणजे संरक्षण नव्हे. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात १९९९ साली टोनी मार्टिन नावाच्या शेतकऱ्याने घरात शिरलेल्यांवर बंदूक चालवली. त्यात सोळा वर्षांचा मुलगा मेला, आणि शेतकऱ्यालाच तुरुंगात जावे लागले. आपल्याकडेही बांधून ठेवलेल्या चोराला गावाने मारले तर गाव आरोपी होते, आणि ते योग्यच आहे.

येथे मी मूळ मुद्द्याकडे येतो. घरच्याने संयम ठेवायचा, तर शौर्य कोणी दाखवायचे? शेजाऱ्याने. पूर्वी ही वाटणी गावगाड्यातच होती. जागल्या, रामोशी रात्रीचा पहारा करीत. चोरी झालीच तर पावलांचा माग काढीत शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जात. माग शिवेपलीकडे गेला की जबाबदारी त्या गावाची. चोरी ही एका घराची नव्हे, गावाची नामुष्की समजली जाई. त्या व्यवस्थेत जातींवर लादलेली कामे होती, अन्याय होता. ती परत आणावी असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु चोरी सगळ्या गावाची, ही जाणीव आपण तिच्याबरोबरच फेकून दिली.

आमच्या वऱ्हाडात तर उन्हाळा हाच मोठा पहारेकरी होता. चैत्र-वैशाखात सारी गल्ली अंगणात बाजा टाकून निजे. म्हातारे खोकत, तान्ही रडत, कोणीतरी पाणी प्यायला उठे. चोराला पाऊल टाकायला जागा नसे. मग कूलर आले. माणसे आत गेली, खिडकीची जाळी काढून तेथे कूलर बसला आणि त्याच्या घरघरीत शेजारी बुडाला. कूलरमागची खिडकी म्हणजे चोराला दिलेले निमंत्रणच. सुखसोयींना माझा विरोध नाही. मी हा लेखही कूलरसमोर बसूनच लिहितो आहे. परंतु त्या गारव्याची किंमत आपण कशाने मोजली, हे माहीत असावे.

शेजाऱ्याचे शौर्य म्हटले की काहींचे डोळे चमकतात, म्हणून त्यांना लगेच थांबवतो. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे कल्पवृक्षगिरी महाराज, सुशीलगिरी महाराज आणि त्यांचा चालक या तिघांना जमावाने ठेचून मारले. परिसरात चोर फिरत असल्याची अफवा होती. आपण सर्वांनी त्या घटनेवर संताप व्यक्त केला. करायलाच हवा होता. पण त्याआधी, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मुले पळवणारे समजून मारले गेले, तेव्हा आपला संताप तितका पेटला होता काय? तेही भगवे नेसणाऱ्या परंपरेचेच होते. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींच्या कपाळी जन्मतःच 'गुन्हेगार' असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का मात्र आपण जपून ठेवला. यमगरवाडीसारख्या प्रकल्पात पारधी मुलांना शिकवणाऱ्या आपल्याच कार्यकर्त्यांना विचारा, एखाद्या गावात घर फुटले की पहिली धाड कोठे पडते. गुरुजींच्या घरची चोरी झाल्यावर आमच्याही गल्लीने, एक पुरावा हाती नसताना, गावाबाहेरच्या पालांकडेच बोट दाखवले होते. माझ्या बातमीत तेवढे तरी आले नव्हते.

भेकडपणा आणि झुंडशाही ही एकाच घरची भावंडे आहेत. किंकाळी ऐकून जो दार उघडत नाही, तोच सकाळी दहाजण जमले की बांधलेल्या माणसावर पहिला दगड उचलतो. शेजाऱ्याचे काम एवढेच, की ऐकू येताच दिवा लावावा, आरोळी द्यावी, दुसऱ्याला उठवावे, एकट्याने न जाता चौघांनी मिळून जावे. चोर सापडला तर त्याला धरून ठेवावे, हात न उगारता पोलिसांच्या स्वाधीन करावे. नाशिक, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालते. एका दूरध्वनीवर साऱ्या गावाचे दूरध्वनी वाजतात. ते गावागावांत नेण्यासाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आमच्या गल्लीत आम्ही याहून साधी सोय केली आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर धावणारी शकुंतला बंद पडण्यापूर्वी तिची शिटी गावभर ऐकू जात असे. त्यावरूनच कोणाला तरी सुचले. आता घरोघरी उशाशी एकेक शिटी आहे. एक वाजली की सर्वांनी वाजवायची आणि अंगणातले दिवे लावायचे. प्रत्येक दाराची बाहेरची कडी आम्ही काढून टाकली. कुलपासाठी आतले कुलूप बसवले. या खर्चाला घरटी चारशे रुपयेही लागले नाहीत. नऊ घरे तयार झाली, दोन अजून नाहीत. त्या दोहोंपैकी एक घर आपल्याच एका जुन्या कार्यकर्त्याचे आहे. 'आमच्याकडे कॅमेरा आहे,' असे ते म्हणतात. हा अंक हाती आला की मी तो घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.