समुद्र ओलांडला, उंबरठा मात्र राहिला

पौष वद्य सप्तमी ही स्वामी विवेकानंदांची जन्मतिथी. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे या तिथीला जोडून जन्मोत्सव साजरा होतो आणि त्याची सांगता महाप्रसादाने होते. शुकदास महाराजांनी १९६५ साली स्थापन केलेल्या विवेकानंद आश्रमाची ही परंपरा आता अवघ्या विदर्भाला परिचित आहे. मोकळ्या शेतात पंगती बसतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुऱ्या आणि वांग्याची भाजी येते, स्वयंसेवक ओळीने वाढत जातात आणि लाखाहून अधिक माणसे हा प्रसाद घेतात. शेजारी बसलेला कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, किती एकरांचा धनी, याची विचारपूस कोणी करीत नाही. परक्याच्या मांडीला मांडी लावून जेवणे, हाच त्या प्रसादाचा अर्थ आहे.

याच भागातून अलीकडे दुसरीही एक पंगत निघू लागली आहे. ती बसते बँकॉकमध्ये, सिंगापुरात किंवा दुबईत. वर्गमित्रांचा जुना गट, भिशीतील मैत्रिणी, बाजारपेठेतील व्यापारी, निवृत्त शिक्षक अशी मंडळी वर्ष-दोन वर्षे पैसे साठवितात आणि चार-पाच रात्रींची परदेशवारी करून येतात. बियाणे-कीटकनाशकांच्या विक्रीचे उद्दिष्ट गाठणाऱ्या कृषी सेवा केंद्रचालकांना कंपन्यांच्या खर्चाने घडणाऱ्या सहलीही विदर्भात नव्या राहिलेल्या नाहीत. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसाविना प्रवेश दिल्यावर ही वाट आणखी रुंद झाली. २०२४ या एका वर्षात २१ लाखांहून अधिक भारतीय त्या देशात गेले. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली भारतीयांनी २०२३-२४ या वर्षात केवळ परदेश प्रवासासाठी सुमारे १७ अब्ज डॉलर बाहेर नेले. त्या योजनेतील एकूण रकमेचा हा अर्ध्याहून मोठा वाटा होता.

या प्रवासाला नाके मुरडण्याचे कारण नाही. कष्टाच्या पैशाने माणसाने जग पाहावे, मित्रमैत्रिणींसोबत चार दिवस मोकळेपणाने हसावे, यात गैर काय? प्रश्न निराळाच आहे. विमान समुद्र ओलांडते. पण प्रवासी खरोखर परदेशात उतरतो का?

सिंधुबंदी गेली, पुढे काय?

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात स्वदेशी बेड्या सांगितल्या, त्यांत रोटीबंदी आणि सिंधुबंदी या दोन होत्या. कोणाच्या हातचे खावे याला बंदी आणि समुद्र ओलांडण्यालाही बंदी. एकोणिसाव्या शतकात परदेशगमन करून आलेल्यांना प्रायश्चित्ताचा प्रश्न भेडसावीत असे. १८९० साली पुण्यातील पंच हौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही शेकले होते. त्या वातावरणात रत्नागिरीतील सहभोजने आणि १९३१ साली उघडलेले पतितपावन मंदिर हे केवढे मोठे पाऊल होते, हे आज सहज लक्षातही येत नाही. हिवऱ्याच्या शेतातील पंगत ही त्या संघर्षाचे फळ चाखणारी पंगत आहे.

आज सिंधुबंदी कोणी मानीत नाही. पण तिच्या मागची वृत्ती पुरती गेली आहे काय? परदेशातील सहलीचा कार्यक्रम पाहिला की शंका येते. सकाळी हॉटेलात न्याहरी, दुपारी भारतीय उपाहारगृहात पोळी-भाजी, रात्री पुन्हा भारतीय जेवण, मधल्या वेळेत छायाचित्रे आणि उरलेला सारा वेळ खरेदी. बसमध्ये आपलीच माणसे, आपल्याच भाषेतील मार्गदर्शक, आपलीच गाणी. चार दिवसांत स्थानिक माणसाशी संबंध येतो तो गाडीचालकाशी आणि दुकानदाराशी. त्यातही बोलणे होते ते भावाचेच. शास्त्रार्थाने घातलेली बंदी मोडायला दोन-तीन पिढ्या झगडल्या. सोयीने घातलेल्या या बंदीची मात्र कोणाला जाणीवही नाही.

विवेकानंदांनी याविषयी अत्यंत स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले आहे. म्लेच्छ हा शब्द घडवून इतरांशी व्यवहार थांबविला, त्या दिवशी भारताच्या अधोगतीची निश्चिती झाली, असे त्यांचे मत होते. ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून निघालेल्या स्वामीजींनी सिंगापूर, हाँगकाँग, कॅन्टन, नागासाकी, कोबे, ओसाका, क्योटो, टोकियो असा मार्ग आक्रमिला. १० जुलै १८९३ रोजी योकोहामाहून मद्रासच्या शिष्यांना लिहिलेल्या पत्रात जपान्यांची स्वच्छता, त्यांचे उद्योग आणि त्यांची स्वावलंबनाची ईर्षा त्यांनी टिपली आणि भारतीय तरुणांनी दरवर्षी मोठ्या संख्येने चीन-जपान पाहून यावे, अशी इच्छा व्यक्त केली. त्या संन्याशाच्या खिशात फार पैसा नव्हता; शिकागोला पोहोचल्यावर तर खर्चाने त्यांची झोप उडाली. तरीही त्यांच्या प्रवासाचा लाभ देशाला झाला, कारण ते डोळे उघडे ठेवून फिरत होते.

ताटाची गोष्ट

शाकाहारी माणसाची परदेशातील अडचण खरी आहे. तिची थट्टा करणे अन्यायाचे होईल. थायलंडमध्ये माशापासून केलेला रस इतक्या पदार्थांत पडतो की, भाजीच्या ताटाबद्दलही खात्री देता येत नाही. म्हणून सहलसंस्थांनी आपले स्वयंपाकी आणि आपली उपाहारगृहे जोडून दिली, तेव्हा हजारो ज्येष्ठ मराठी माणसांचा प्रवास शक्य झाला, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण अडचणीचे निमित्त करून जिज्ञासाच सोडून देणे योग्य नव्हे. त्याच थायलंडमध्ये ‘जे’ नावाने ओळखला जाणारा आहार आहे. मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, पण कांदा-लसूणही त्यात वर्ज्य. पिवळ्या फलकावर लाल अक्षरांत तो शब्द लिहिलेली खानावळ सापडली की, माळकरी वारकऱ्यानेही निःशंक बसावे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरातील गृहिणीला ही गोष्ट कळली, तर तिला तो देश किती जवळचा वाटेल! परंतु ती सांगण्याची तसदी मार्गदर्शक घेत नाही आणि विचारण्याची तसदी प्रवासी घेत नाही.

सिंगापूरची कथा आणखी बोधप्रद आहे. रस्त्यावर हातगाड्या लावणाऱ्या विक्रेत्यांना त्या नगरराज्याने हुसकावून न लावता टप्प्याटप्प्याने छताखाली आणले, त्यांना नळ, गटार, परवाना दिला. आज त्या ‘हॉकर सेंटर’मध्ये चिनी, मलय आणि तमिळ पदार्थ एकाच छपराखाली, शेजारीशेजारी मिळतात. युनेस्कोने २०२० साली या खाद्यसंस्कृतीचा मानवतेच्या अमूर्त वारशात समावेश केला. जेवण झाल्यावर आपले ताट ग्राहकानेच उचलून ठेवावे, हा नियम २०२१ पासून तेथे सक्तीचा आहे. न पाळणाऱ्यास दंड होऊ शकतो. पंगतीनंतर आपली पत्रावळ आपण उचलण्याचा संस्कार ज्या समाजात होता, त्याच समाजातील माणसे आज सहलीच्या ठिकाणी खरकटे कागद टाकून निघून जातात. सिंगापुरात ताट उचलणारा हात मायदेशी विमानतळाबाहेर येताच ते विसरत असेल, तर त्या प्रवासाने काय शिकविले?

बाजार पाहावा, पिशवीही भरावी

आता खरेदीकडे येऊ. बँकॉकच्या प्रातुनाममधील कपड्यांचे गाळे, सिंगापूरच्या लिटल इंडियातील मुस्तफा, दुबईतील मीना बाजार ही नावे आता मराठी घरांत तुळशीबागेइतकीच सहज घेतली जातात. चॉकलेट, अत्तरे, बॅगा, घड्याळे, खेळणी. यातील बऱ्याच वस्तू चीनमध्ये घडलेल्या असतात आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्येही मिळतात. तरी त्या घेतल्या जातात, कारण शेजारी-पाजारी, सुना-भाच्यांसाठी काहीतरी न्यायचे असते. हा आपलेपणा मनोज्ञ आहे. गावाहून परतणाऱ्याच्या हातात खाऊ असावा, ही येथील जुनी रीत.

मात्र बाजारात विकत घेण्याखेरीज पाहण्यासारखेही पुष्कळ असते. थायलंडने २००१ साली ‘एक तांबोन, एक उत्पादन’ ही योजना सुरू केली. तांबोन म्हणजे काही गावांचा गट. जपानच्या ओइता प्रांतात १९७९ साली निघालेल्या ‘एक गाव, एक उत्पादन’ या चळवळीचा तो आदर्श. प्रत्येक गटाने आपले एक वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन निवडायचे, सरकारने त्याला दर्जानुसार एक ते पाच तारे द्यायचे आणि शहरातील मोठ्या दुकानांत जागा मिळवून द्यायची. वाळवलेले केळे, हातमागाचे रेशीम, वनौषधींचा साबण, बांबूच्या टोपल्या हे सारे त्या खुणेसह मिळते. मेहकर-चिखलीच्या बचत गटातील बायका पापड, लोणची, सांडगे उत्तम करतात. अडते ते वेष्टनावर, दर्जाच्या सातत्यावर आणि विक्रीच्या जागेवर. मैत्रिणींच्या सहलीतील एकीने जरी अशा दुकानात तासभर काढून ती वेष्टने निरखली, चार वस्तू घरी आणून गटापुढे ठेवल्या, तर ती खरेदी वर्षानुवर्षे पुरेल.

जी गोष्ट बचत गटांची, तीच कृषी सेवा केंद्रांची. विक्रीच्या बक्षिसादाखल होणारी परदेशवारी अखेर कोणाच्या खरेदीतून उभी राहते? सोयाबीन आणि कपाशीच्या पेरणीसाठी उसनवारी करून बियाणे नेणाऱ्या शेतकऱ्याच्या. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. अशा जिल्ह्यातील विक्रेत्याने परदेशात गेल्यावर निदान एक दिवस तेथील शेती, तेथील फळप्रक्रिया, तेथील शेतमालाचा बाजार पाहण्यासाठी मागून घ्यावा. सहल देणाऱ्यांना तो नाकारता येणार नाही आणि गावाकडे परतल्यावर दुकानासमोरच्या बाकावर बसलेल्या शेतकऱ्याला सांगण्यासारखे काही उरेल.

वाटेवरची स्मारके

खरेदीच्या घाईत जे राहून जाते, त्याची यादी मन विषण्ण करणारी आहे. बँकॉकच्या राजवाड्याच्या आवारातील बुद्धमंदिराच्या ओवऱ्यांत रामकियेन, म्हणजे थाई रामायण, १७८ भित्तिचित्रांत साकारलेले आहे. उंच तांबड्या झोपाळ्याच्या चौकाजवळ १७८४ साली उभारलेले देवस्थान हे ब्राह्मण मंदिर आहे. थाई राजघराण्याच्या विधींशी त्याचे नाते आजही टिकून आहे. विमानतळाचे सुवर्णभूमी हे नावच संस्कृत, आणि आत समुद्रमंथनाचे भव्य शिल्प. सामानाच्या गाड्या ढकलीत त्यासमोरून जाणाऱ्या कितीजणांची पावले थबकतात?

सिंगापुरात तर स्वातंत्र्यलढ्याचे एक पर्वच घडले. ५ जुलै १९४३ रोजी पाडांगच्या मैदानावर नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेची मानवंदना स्वीकारली आणि ‘चलो दिल्ली’ची हाक दिली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला कॅथे इमारतीत आझाद हिंद सरकारची घोषणा झाली. सेनेच्या हुतात्म्यांसाठी उभारलेले स्मारक ब्रिटिशांनी १९४५ साली परत येताच पाडून टाकले. १९९५ साली त्या जागी खूण म्हणून एक फलक उभारला गेला. छायाचित्रांसाठी सारे पर्यटक ज्या सिंहमत्स्याच्या पुतळ्यापाशी जमतात, तेथून तो फलक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सहलीच्या वेळापत्रकात त्यासाठी पंधरा मिनिटे मागून घेणे अवघड नाही.

सहप्रवासाचे मोल

मित्रांसह केलेल्या प्रवासाचे खरे धन म्हणजे गप्पा. जुलै १८९३ मध्ये योकोहामाहून व्हँकुव्हरला निघालेल्या ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या जहाजावर विवेकानंदांसोबत जमशेटजी टाटा होते. एक संन्यासी, एक उद्योगपती. पाच वर्षांनी, २३ नोव्हेंबर १८९८ रोजी, जमशेटजींनी स्वामीजींना पत्र लिहून त्या सहप्रवासाची आठवण दिली आणि आपल्या विज्ञान संशोधन संस्थेच्या कल्पनेसाठी साहाय्य मागितले. १९०९ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या इतिहासात त्या जहाजावरील संवादाला स्थान आहे.

प्रत्येक सहलीतून विज्ञानसंस्था निघावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण दहा मित्र पाच दिवस एकत्र असतात, तेव्हा रोज रात्री अर्धा तास तरी दिवसभर काय पाहिले याची चर्चा व्हावी. निघण्यापूर्वी प्रत्येकाने त्या देशाविषयी एक-एक विषय वाचून यावा. रोजच्या एका जेवणात तेथील अन्नाची चव घ्यावी, शाकाहारी असेल तर विचारून घ्यावी. स्थानिक भाषेतील नमस्कार आणि आभाराचे शब्द पाठ करावेत. परतल्यावर गावच्या शाळेत मुलांपुढे तासभर बोलावे. यांतील एकाही गोष्टीला खर्च नाही.

भेटवस्तू वाटून संपतात आणि चॉकलेटचे डबे आठवड्यात रिकामे होतात. नंतर शेजारचा मुलगा येऊन विचारतो, “काका, तिकडची माणसं कशी असतात?” त्या प्रश्नाला उत्तर देता यावे, एवढी तयारी करून पुढच्या सहलीला निघावे.